दर साल एक वीत

यंदाच्या जत्रेत आमचं डुक्कर मेलं. भाला मागून लागला, रक्त आलं, आणि हे सगळं भैरवनाथाच्या पटांगणात, भर दुपारी, माईक चालू असताना झालं. माईक माझ्याच हातात होता.

मात्र असं काही झालेलं नाही, हे ग्रामसभेनं नंतर एकमतानं ठरवलं. आमच्या सावरमाळात ग्रामसभेचं एकमत होणं ही डुक्कर मरण्यापेक्षा दुर्मिळ गोष्ट आहे, तेव्हा तिचा मान राखणं भाग आहे. डुक्कर जिवंत आहे. वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं समजून पुढं चलावं.

डुक्कर चित्रातलं आहे. देवळाच्या दक्षिणेकडच्या लांबलचक भिंतीवर शिकारीचं चित्र आहे. घोड्यावर शिकारी, हातात भाला, पुढं तीन कुत्री, आणि त्यांच्यापुढं रानडुक्कर. बाजूला दोन हरणं. ती पळत नाहीत, लग्नातल्या फोटोला उभं राहावं तशी समोर बघत उभी असतात. मागं झाडावर मोर, झाडापेक्षा मोठा. उजव्या टोकाला मिशा पिळलेला वाघ बसलाय. तो कुणाची शिकार करत नाही, त्याची कुणी करत नाही. त्याला गावात साक्षीदार म्हणतात. पळणारी सगळी जनावरं उजवीकडून डावीकडं, म्हणजे पुण्याकडून लोणावळ्याकडं पळतात. शनिवारी हायवेवर जे चालतं तेच, फक्त इथं हॉर्न नाही.

चित्राची गोष्ट अशी सांगतात. इंग्रज यायच्या आधी कधीतरी एका रानडुकरानं गावच्या भातखाचरांचा पार चिखल केला. वरच्या आळीतला एक गडी देवासमोर भाला आपटून नवस बोलला, की हे डुक्कर पाडीन तेव्हाच गावाला तोंड दाखवीन. आणि पाडलं की जत्रेचा पहिला नारळ माझा आणि माझ्या वंशाचा. तोवर नारळाचा मान खालच्या आळीकडं ठेव म्हणून राहू दे. गडी त्याच दिवशी संध्याकाळी परत आला. तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून उपरण्यानं झाकलेलं होतं. म्हणाला, थोडक्यात हुकलं. दुसऱ्या दिवशीही थोडक्यात हुकलं. असं बरीच वर्षं थोडक्यात हुकत राहिल्यावर देवाचा गैरसमज नको म्हणून गावानं भिंतीवर चित्र काढलं. हल्ली रस्त्यावर 'काम चालू आहे' असा बोर्ड लावतात, त्यातलाच प्रकार.

पण नुसता बोर्ड लावून देव ऐकत नाही, त्याला काम पुढं सरकलेलंही दिसायला पाहिजे. म्हणून दर साल चैत्रात जत्रेच्या आधी भिंतीला चुना मारायचा आणि सगळं चित्र एक वीत पुढं सरकवून पुन्हा काढायचं. वाघ, झाड आणि हरणं जागच्या जागी, पळणारे तेवढे पुढं. असं कैक पिढ्या चाललंय. शिकारी डुकरापासून पहिल्या दिवशी जितका लांब होता तितकाच आजही आहे. देवाला प्रगती दिसते, खालच्या आळीला नारळ मिळतो, वरच्या आळीला आशा राहते.

नवसाला अजून एक शेपूट होतं. गुरव दर जत्रेत अख्खा नवस मोठ्यानं म्हणतो, पण 'नारळ' हा शब्द आला की ढोलताशावाले सुरू होतात. पुढं गुरवाचे ओठ हलताना दिसतात, ऐकू कुणालाच येत नाही. आम्हाला वाटायचं, तो देवाची नावं घेत असेल.

डुकराच्या पुढं पूर्वी एक ससा होता. त्याच्यामागं कुणीच लागलेलं नव्हतं, तरी तो सगळ्यात जोरात पळायचा. भिंत पहिल्यांदा त्याची संपली. माझ्या वडिलांच्या लहानपणी एका चैत्रात तो कोपऱ्यावरून पलीकडं गेला आणि परत दिसला नाही. तो कोणत्याच आळीचा नव्हता, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या नारळाचे सध्याचे मानकरी खालच्या आळीचे महिपती आबा, म्हणजे माझे आजोबा. आबा कधी सरपंच झाले नाहीत, सोसायटीचे चेअरमन झाले नाहीत. एकदा उभे राहिले तेव्हा घरातलीच काही मतं दुसरीकडं गेली आणि कुणाची, हा विषय अजून जेवताना निघतो. वर्षभर त्यांचं कुणी ऐकत नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या हाताला ओळख देत नाही. पण जत्रेच्या दुपारी ते चित्रासमोरच्या दगडापाशी नारळ घेऊन उभे राहिले की अख्खं गाव गप्प होतं आणि नारळ फुटेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. आबा मुद्दाम वेळ लावतात. एकदा तर नारळ वर उचलून त्यांनी मध्येच खाली घेतला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. गाव थांबलं होतं. माणूस एवढ्यावर एक वर्ष काढू शकतो, हे मी घरात पाहिलेलं आहे.

तेव्हा आबांना काय पाहिजे, तर डुक्कर जगलं पाहिजे. आणि डुकराला काय पाहिजे, तर भिंत.

वीत मोजायचा मानही मानकऱ्याच्या घराचा. आबांचा पंजा सुपाएवढा. त्यांनी मान हातात घेतल्या घेतल्या उरलेली भिंत मोजली आणि पहिल्याच वर्षी जाहीर केलं, की वीत 'घरातल्या माणसाची' असं परंपरा सांगते, कुठल्या माणसाची ते सांगत नाही. मग आजीचा हात लावला. पुढं माझी चुलतबहीण पिंकी चालायला लागली तसा तिचा. वरच्या आळीचे, म्हणजे त्या गड्याच्या वंशातले, रखमाजी भाऊ तेव्हा चिडले होते, पण नेमके त्याच आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात मुलींना सगळ्या क्षेत्रांत संधी द्या असं स्टेजवर बोलून बसलेले. त्या बालहातांनी आमची बरीच भिंत वाचवली. पण पोरगी वाढत होती. दर चैत्रात आबा तिचा पंजा हातात घेऊन बघायचे आणि उदास व्हायचे. लोकांना वाटायचं, नात मोठी झाली, आता सासरी जाणार, म्हणून. आता पिंकी तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं ती केसाच्या जाडीचा फरक मशीनवर पकडते, आणि चैत्रात सुट्टी टाकून गावी येते आणि भिंतीवर हात पसरते. कंपनीत सुट्टीचं कारण ती 'मोजमाप' असं लिहिते.

गेल्या वर्षी डुकराचं नाक कोपऱ्याला टेकलं.

यंदा माघातच ग्रामसभा बसली. विषय एकच, डुक्कर पुढं कुठं जाणार. कोपऱ्यावरून वळवावं, असं कुणीतरी म्हणालं. पण वळल्यावर पश्चिमेच्या भिंतीला रखमाजी भाऊंनी देणगी देऊन टाइल्स लावल्यात. गुळगुळीत, गुलाबी, मोरीला लावतात तसल्या. त्यावर रंग बसत नाही, आणि मधोमध देणगीदाराच्या नावाची पाटी. आपल्या नावावरून डुक्कर नेणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुणी हो म्हणालं नाही, पण विचार करणारे बरेच दिसले.

मग डुक्कर मागं फिरवावं असा मुद्दा आला. यावर प्रदीप पेंटर बोलला. प्रदीप टेम्पोच्या मागं फुलं आणि शाळेच्या भिंतीवर म्हणी काढतो, आणि चैत्रात आमची शिकार. तो म्हणाला, डुक्कर मागं फिरलं की ते शिकाऱ्याच्या अंगावर जाणार. चित्रात तसं दिसणारच, तो काही करू शकत नाही.

"म्हंजी आमचा पूर्वज डुकरानं फाडायचा, आसं खालच्या आळीनं ठरिवलंय," रखमाजी भाऊ म्हणाले.

आबांनी तसं ठरवलं नव्हतं, पण कल्पना त्यांना आवडल्याचं तोंडावर दिसलं.

रखमाजी भाऊंचं स्वतःचं म्हणणं साधं होतं. भिंत डुकराची संपली, शिकाऱ्याची नाही. तेव्हा डुक्कर कोपऱ्यात उभं राहू दे, शिकारी येईल एक-एक वीत. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, घाई न्हाई, आमी लय वर्सं थांबलोय. त्या रात्री आबा जेवले नाहीत. आजीनं विचारलं तर म्हणाले, डुकराला पुढं जागा नाही आणि तुला भाकरी सुचतीय.

देवळाच्या त्या कोपऱ्यापलीकडं एक बोळ आहे, आणि बोळाच्या पलीकडं, देवळाच्या भिंतीच्या बरोबर रेषेत, केशवराव आणि चंद्रिकाताईंच्या बंगल्याचं कंपाउंड. दोघं तळेगावचे. केशवराव इंजिनिअर होते, चंद्रिकाताई शाळेत शिकवायच्या. निवृत्तीनंतर इथं बंगला बांधला आणि शनिवार-रविवार येतात. पुढच्या बाजूला मोठं पत्र्याचं सरकतं गेट आहे, ते उघडलं की रुळावरून बोळात सरकतं आणि थेट देवळाच्या कोपऱ्याला जाऊन टेकतं. बोळ अडवल्याबद्दल गावानं पूर्वी हरकत घेतली होती आणि मग नेहमीप्रमाणं विसरून गेलं, कारण गेट उघडलेलं कधी कुणी पाहिलंच नाही. एक गाडी आत कायमची झाकून ठेवलेली. दोघं येतात-जातात ते गेटच्या डाव्या बाजूच्या छोट्या दारानं, तळेगावहून रिक्षा करून.

आबा माझ्यासोबत त्यांच्याकडं गेले. हातात चार शेर इंद्रायणी तांदूळ. आबांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, आमच्या डुकराला तुमच्या भिंतीवर आसरा द्या.

 केशवरावांनी विचारलं, की यामुळं डुकराचं नाव सातबाऱ्यावर लागणार नाही ना. आबांनी शपथ घेऊन सांगितलं, लागणार नाही. कूळ म्हणून? तेही नाही. तरी भिंत मिळणार नव्हतीच, कारण तिला काळा दगड लावलेला, महागाचा. गेट मात्र मिळेल, असं चंद्रिकाताई म्हणाल्या. त्यांना हे सगळं ऐकून फार बरं वाटत होतं. लोककला, लोककला, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांची अट एकच होती.

"डुक्कर येऊ दे, आबा. पण भाला, कुत्री, तो घोडेवाला, यातलं काही माझ्या दारावर नको. आमच्याकडं हिंसा चालत नाही."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आबांकडं पाहिलं. पिढ्यान्पिढ्या जे कुणाला जमलं नाही ते या बाईनं चहा गाळता गाळता करून टाकलं होतं. डुकराला आत प्रवेश, शिकाऱ्याला बंदी. डुक्कर गेटवर सुखानं वीत-वीत पुढं जाणार, शिकारी कोपऱ्यात भाला रोखून जन्मभर उभा. आबांनी तिथंच चंद्रिकाताईंना वाकून नमस्कार केला. त्या संकोचून म्हणाल्या, की जमल्यास डुक्कर थोडं हसरं काढा.

पुन्हा ग्रामसभा. आता प्रश्न बोळाचा. बोळ म्हणजे नुसती हवा, तिच्यावर चित्र निघत नाही. वीत-वीत जायचं तर डुक्कर कितीतरी वर्षं बोळात असणार आणि कुणाला दिसणार नाही.

रखमाजी भाऊ म्हणाले, "दिसत न्हाई म्हंजी मेलं."

"देव तरी कुटं दिसतो," आबा म्हणाले. "त्याचंबी तेच म्हनायचं का?"

यावर देवळात बसून उत्तर देणं अवघड होतं. शेवटी डुक्कर बोळ एका उडीत ओलांडतं असा ठराव झाला. आश्चर्य म्हणजे रखमाजी भाऊंनी विरोध केला नाही. उडी मारताना ते पडेल अशी त्यांना आशा होती, असं नंतर कळलं. शिकारीही गेटवर येणार नाही, पण डुकरानं उडी मारली तर शिकाऱ्यानंही यंदा कुत्र्यांना मागं टाकून दौड मारायची आणि भाल्याचं टोक कोपऱ्याच्या कडेला आणायचं, एवढंच त्यांनी मागून घेतलं. आबांनी उदार मनानं दिलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी पिंकीनं शेवटची वीत भिंतीवर मोजली आणि पहिली गेटवर, अगदी बोळाकडच्या कडेपासून. प्रदीपनं गेटचा जुना राखाडी रंग घासला, तर खालून लाल रंग निघाला, लोखंडाला गंज लागू नये म्हणून आधी मारतात तो. त्यावर त्यानं काळंभोर डुक्कर काढलं. सुळे, आयाळ, पापण्या. चंद्रिकाताईंच्या इच्छेप्रमाणं तोंडावर थोडं हसू. शिकाऱ्याकडं पाठ करून हसत लोणावळ्याला निघालेलं ते डुक्कर बघून खालच्या आळीत रात्री फटाके वाजले. वरच्या आळीत दुसऱ्या दिवसाची तयारी चालू होती. आमच्याकडं जत्रेला देवाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी माणसांना मटण. वरच्या आळीत घरटी एक बोकड बांधलेला होता. पाहुणे पनवेलपासून येणार होते.

जत्रेची दुपार. पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. मी माईकवर. गुरवानं नवस म्हटला, नारळापाशी ढोल सुरू झाले, गुरवाचे ओठ हलत राहिले, ढोल थांबले. मी नाव पुकारलं. महिपती आबा दगडापाशी आले, नारळ वर उचलला. गाव गप्प झालं. आबांनी एकवार गेटवरच्या डुकराकडं पाहिलं. मग नारळ खाली घेतला आणि चष्मा काढला.

तो चष्मा पुसण्यात जो वेळ गेला, त्यात सगळं झालं.

चंद्रिकाताईंनी आपला मुलगा शौनक याला पुण्याहून चित्र बघायला बोलावलं होतं. शौनक गाडी घेऊन गर्दीच्या पलीकडं थांबला. त्याला गर्दी का गप्प आहे ते कळेना, पण वाट मिळेल असं वाटलं. मागच्याच महिन्यात आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं त्या गेटला मोटर बसवून दिली होती. त्यानं गाडीतूनच बटण दाबलं.

गावात कुणाला मोटर माहीत नव्हती. गावाला दिसलं ते एवढंच, की डुक्कर हललं. आपलं आपण. आणि पुढं नाही, मागं. हसत हसत, उलट्या पावली, पाय न हलवता ते बोळात शिरलं. जो बोळ ते एका उडीत ओलांडतं असं ग्रामसभेनं ठरवलं होतं तो त्यानं सावकाश पार केला, आणि देवळाच्या कोपऱ्याला ठण्णदिशी येऊन टेकलं. भाल्याचं टोक बरोबर शेपटीखाली. गेटची कडा दगडाला घासली, काळा रंग निघाला आणि खालचा लाल ओघळासारखा दिसायला लागला.

दोनतीन बायांनी हात जोडले. माईकवर माझ्या तोंडून 'अरेरे' गेलं, ते पार उर्से टोलनाक्यापर्यंत ऐकू गेलं असं लोक सांगतात, पण लोक वाढवून सांगतात.

मग वरची आळी उसळली. कुणी टोप्या उडवल्या, कुणी शिकाऱ्याच्या घोड्याला गुलाल लावला. गेल्या कैक पिढ्यांत पहिल्यांदाच कुणाचं काही थोडक्यात हुकलं नव्हतं. रखमाजी भाऊंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते आबांसमोर आले आणि नारळासाठी हात पुढं केला.

आबांनी चष्मा घातला. डुकराकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. ते वाद घालतील असं मला वाटलं होतं, निदान गेट सरकलं, डुक्कर नाही, असं तरी म्हणतील. पण समोर अख्खं गाव बघत होतं, आणि आबांच्या आयुष्यात पहिल्यांदा ते गाव, नारळ कधी फुटतो हे नाही, तर आबा आता काय करतात हे बघत होतं.

"घे," आबा म्हणाले. "पन फोडताना घाई करू नको. लोक थांबतेत."

रखमाजी भाऊंनी नारळ घेतला आणि वर उचलला. गाव पुन्हा गप्प. आणि त्या शांततेत अंबूबाई बोलली.

अंबूबाई रखमाजी भाऊंची चुलती, नव्वदीची. कानानं कधीपासून बहिरी, त्यामुळं ढोलाचा तिला त्रास नाही, आणि दर जत्रेत ती पुढं बसून गुरवाच्या ओठांकडं बघते. दात एकही नाही. मटण तिनं सोडून जमाना झाला, म्हणजे मटणानं तिला सोडलं.

"पडलं न्हवं डुक्कर?" ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्यांना ऐकू गेला. "मग आता वरच्या आळीनं तुळशीच्या माळा घालायच्या. डुक्कर पडलं की भाला देवाला द्यायचा आन माझा वंश मटनाला शिवनार न्हाई, आसं बोल्लाय त्यो."

सगळ्यांनी गुरवाकडं पाहिलं. गुरव म्हणाला, व्हय, आसंच हाय. मग थोडं रागावून म्हणाला, इतकी वर्सं मी सांगतोय, कुनी आयकतंय का?

नारळ रखमाजी भाऊंच्या डोक्यावर तसाच. मागं वरच्या आळीत एक बोकड ओरडला. मग दुसरा. त्यांना काही कळलं असेल असं मी म्हणत नाही. वरच्या आळीतल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मसाले वाटून झाले होते. पनवेलचे पाहुणे खोपोलीच्या पुढं आले होते. आणि प्रश्न उद्याचा नव्हता. वंश होता मध्ये.

रखमाजी भाऊंनी नारळ हळूच खाली घेतला. कोपऱ्यापाशी गेले, उकिडवे बसले, गेटच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग प्रदीपला बोलावलं. प्रदीपही उकिडवा बसला. दोघं काहीतरी बोलले. गावातल्या गुरांच्या डॉक्टरानंसुद्धा कधी इतक्या गंभीरपणे जनावर तपासलेलं नाही.

उठून रखमाजी भाऊ म्हणाले, "खरचटलंय."



"खरचटलंय नुस्तं," ते परत म्हणाले, या वेळी वरच्या आळीकडं बघून. "ह्ये रगत न्हाई, आतला रंग हाय. काय रं परदीप?" प्रदीप म्हणाला, आतलाच रंग आहे, गंजाचा. रखमाजी भाऊ म्हणाले, "भाला थोडक्यात हुकला."

हे वाक्य वरच्या आळीला पाठ होतं. सगळ्यांनी सुटकेनं माना डोलावल्या. ते आबांपाशी गेले, नारळ परत त्यांच्या हातात दिला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, आबा, फोडा आता पटकन. आबांनी अर्थातच पटकन फोडला नाही. त्यांनी परत चष्मा काढला.

शौनकला बटण पुन्हा दाबायला लावलं. डुक्कर हसत जागेवर गेलं. त्याच दिवशी ग्रामसभा बसली, एकमतानं ठराव झाला, आणि ठरावात असंही आलं की ते गेट आता उघडायचं नाही. शौनकच्या गाडीला जत्रेत कुठंतरी जागा झाली. केशवरावांची गाडी आत होती. ती आतच राहिली. गेट संपायला पिंकीच्या हातानं किती चैत्र लागतील ते केशवरावांनी स्वतः मोजून पाहिलं आणि मग बराच वेळ पायरीवर बसून राहिले. डुकराचं नाव सातबाऱ्यावर लागलं नाही, हे मात्र खरं.

गावाचा प्रश्न मिटला. अंबूबाईचा मिटला नाही. तिनं ठराव मानला नाही. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिचे डोळे चांगले आहेत. तिनं रखमाजी भाऊंच्या चुलीपाशी बैठक मारली आणि सांगितलं, की डुक्कर जिवंत हाय आसं सरकारी शिक्क्याचा कागूद दावल्याबिगर या घरात मटान शिजनार न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळ्या वरच्या आळीत मटण झालं, एकट्या रखमाजी भाऊंच्या घरी वांगं. पनवेलचे पाहुणे शेजारी जेवले. घरातला बोकड अजून दारात बांधलेला आहे. आता तो रखमाजी भाऊंच्या हाकेला ओ देतो.

पुढच्या सोमवारी सकाळी आबा आणि रखमाजी भाऊ एकाच टेम्पोत बसून वडगावला आले. तहसील कचेरीच्या बाहेर माझं टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. या दोघांना एका बाकावर बसलेलं मी आयुष्यात प्रथम पाहिलं.  आबांचा मान राहिला होता, पण कुणाच्या जोरावर राहिला ते त्यांना कळलं होतं.

"रखमाजी," ते म्हणाले, "माजा नारळ तुज्या बोकडानं वाचिवला."

"व्हय," रखमाजी भाऊ म्हणाले. "आन तुमच्या डुकरानं बोकड. शिकारी मातर माजाच येडा ठरला."

मी आत जाऊन चौकशी करून आलो. क्लार्कनं सांगितलं, पेन्शनवाल्यांना देतात तो हयातीचा दाखला आहे, पण ज्याला पाहिजे त्यानं स्वतः समोर यावं लागतं. मी म्हटलं, तो गेटवर आहे. क्लार्क म्हणाला, मग आत पाठवा. शेवटी मी अर्ज टाइप करून दिला, दोघांनी सह्या केल्या. आवक क्रमांक पडलाय. त्याची प्रत अशी:

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
वडगाव मावळ यांचे सेवेशी.

विषय : मौजे सावरमाळ येथील डुकरास हयातीचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मौजे सावरमाळ येथील डुक्कर जिवंत असून त्यास किरकोळ खरचटले आहे. सदर डुक्कर पूर्वापार धावत असल्याने ते कार्यालयात समक्ष हजर राहू शकत नाही, व ते ज्यावर आहे ते गेट ग्रामसभेच्या ठरावानुसार काढता अगर उघडता येत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी समक्ष हजेरीची अट शिथिल करून, सदर डुक्कर आज रोजी हयात आहे व यापुढेही कायम हयात राहील असा दाखला श्रीमती अंबूबाई यांना स्पष्ट दिसेल एवढ्या मोठ्या शिक्क्यासह द्यावा. तसेच डुक्कर गेटवरून पुढे जाईपर्यंत श्री. केशवराव यांचे वाहन बाहेर काढणेकामी द्रुतगती मार्गावरून त्यांच्या अंगणात थेट उतरणारा स्वतंत्र रस्ता मंजूर करावा. आणि गेट संपल्यानंतर सदर डुकरास पुढील वाटचालीसाठी लोणावळ्यापर्यंत सलग, रंग बसेल अशी, शासकीय भिंत उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.